कोपऱ्यावरची दोन बोटं

मुलीचा फोन मेला तेव्हा त्याच्या वॉरंटीचे चार दिवस उरले होते. मेला म्हणजे पुरता मेला. आदल्या संध्याकाळी चार्जिंगला लावलेला, सकाळी उचलला तर ना उजेड, ना थरथर. वॉरंटीत काम होणार म्हणून मी निर्धास्त असायला हवं होतं. पण फोनच्या पाठीवर, वरच्या कोपऱ्यात, काच फुटलेली होती. कोपरा चेपलेला आणि तिथून तीन-चार चिरा खाली उतरलेल्या. ती काच फुटून चार महिने झाले होते. आणि ती मी फोडली होती.

हे आधीच सांगून टाकतो, कारण त्या दिवशी दुकानात हेच सांगायला मला दीड तास लागला.

माझी बायको गारगोटीला शाळेत शिकवते. सोमवारी पहाटेच्या एसटीनं जाते, शनिवारी दुपारी परत येते. मधले दिवस घरात मी आणि मुलगी, दोघंच. चार महिन्यांपूर्वीच्या त्या संध्याकाळी मी कामावरून वैतागून आलो होतो. आमटी गरम केली, ताटं वाढली आणि जेवायला ये म्हणून तीनदा हाक मारली. पोरगी कानात वायर घालून कॉलेजचा तास ऐकत बसलेली, तिला कुठलं ऐकू येतंय? माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. आत गेलो, हातातला फोन हिसकावला आणि भिंतीवर मारला.

ती रडली नाही. उठली, कपाटाजवळ पडलेला फोन उचलला, ओढणीनं पुसला, बटण दाबून बघितलं. "चालू आहे," एवढंच म्हणाली आणि ताटावर येऊन बसली. मला त्या वेळी बरं वाटलं, फोन चालू आहे म्हणून. आज त्या बरं वाटण्याची लाज वाटते.

तिच्या आईला आम्ही दोघांनीही काही सांगितलं नाही. मी येत्या शनिवारी सांगणार होतो. असे बरेच शनिवार आले आणि गेले.

आता माझ्या कामाबद्दल. मी शिरोलीच्या एमआयडीसीत एका फौंड्रीत माल तपासायला असतो. गिऱ्हाइकाकडून खराब म्हणून परत आलेला माल माझ्या टेबलावर येतो. ओतताना आत हवा अडकून पोकळी राहिली असेल तर चूक आमची, माल बदलून द्यावा लागतो. पण त्याच मालाला बाहेरून कुठं ठोकर लागलेली सापडली, तर मी शेरा मारतो : हाताळताना नुकसान, दावा अमान्य. त्या ठोकरीचा आणि आतल्या पोकळीचा काडीचा संबंध नसतो. मलाही ते माहीत असतं, समोरच्यालाही. पण ठोकर एकदा कागदावर आली की पोकळीबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. सव्वीस वर्षं मी हे करतोय आणि त्याबद्दल साहेबांची शाबासकी घेतोय.

राजारामपुरीतल्या त्या सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर तिशीतली एक बाई होती. आमचा नंबर आला तसा तिनं फोन हातात घेतला, उलटा केला आणि लगेच परत आमच्याकडे सरकवला.

"फिजिकल डॅमेज हाय काका. वॉरंटीत बसत न्हाय."

चालू करण्याचं बटणसुद्धा दाबून बघितलं नव्हतं तिनं. माझंच वाक्य तिच्या तोंडून माझ्या अंगावर आलं.

"ताई, काच चार महिन्यांपूर्वी फुटलीय," मी म्हटलं. "फोन काल बंद पडलाय. ह्याचा त्याचा काय संबंध?"

"कसा फुटला?"

मी तोंड उघडायच्या आत मुलगी म्हणाली, "जिन्यात पडला माझ्या हातातनं."

शेजारच्या खुर्चीवर शिरोळकडचे एक गृहस्थ आपला भिजलेला फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत घेऊन बसले होते. ते मोठ्यानं हसले. "पोरीस्नी फोन दिला की असंच हुतंय बगा पावणं! माजा तर पाटात पडलाय, मला भांडायला तोंडच न्हाय."

काउंटरवरची बाईही हसली. "जपून वापरावा की गं," ती मुलीला म्हणाली. मुलगी मान खाली घालून "होय" म्हणाली, आणि वर थोडं हसलीसुद्धा. मी तिच्या शेजारी उभा होतो, हाताची घडी घालून.

बोललो ते भलतंच. आवाज चढवून म्हटलं, "आधी उघडून बघा, मग न्हाय म्हणा. न बघता शेरा मारायचा न्हाय." हे मी कुणाला सुनावत होतो देव जाणे. बाईनं माझ्याकडे रोखून बघितलं, पण फोन आत नेला. आम्ही अर्धा तास बसलो. मुलगी भिंतीवरच्या जाहिराती वाचत होती. मी तिला चहा विचारला, नको म्हणाली. त्या चार महिन्यांत माझ्या बहुतेक प्रश्नांना तिचं उत्तर तेवढंच असायचं.

बाई परत आली ती जरा नरमून. पाणी लागल्याची खूण नव्हती. आतला बोर्ड कुठं तडकलेला नव्हता. चार्जिंगची पिन लागते तिथं, म्हणजे फोनच्या अगदी तळाला, एक भाग जळाला होता. मार वरच्या कोपऱ्याला आणि बिघाड खालच्या टोकाला.

"तुमचं मला पटतंय काका. पण वर कंपनीला पटाय पायजे. फुटल्यावरबी फोन चांगला चालत हुता, ह्याचा पुरावा द्या. मी जोडून पाठवते."

पुरावा म्हटल्यावर मी माझ्या मुलखात आलो. लगेच आठवलं. मुलगी रोज सकाळी कॉलेजला जाताना आरशासमोर उभी राहून स्वतःचा फोटो काढते आणि आईला पाठवते, आज काय घातलंय ते. आरशातल्या फोटोत हातातल्या फोनची पाठ दिसतेच. फुटलेली काच दिसणार, वर तारीख असणार, आणि फोटो त्याच फोननं काढलेला. याहून पक्का पुरावा कुठला? माझी कळी खुलली.

"पप्पा, नको," मुलगी हळूच म्हणाली. "राहू दे. मी घरातला जुना फोन वापरीन."

"का राहू दे? आपलं खरं आहे तर का सोडायचं?"

"नको म्हणतेय ना मी."

तिचा चेहरा उतरला होता. मी तिकडे लक्ष दिलं नाही. गारगोटीला फोन लावला. मधली सुट्टी होती, बायकोनं लगेच उचलला.

"त्या आरशातले सगळे फोटो पाठव. गेल्या पाच-सहा महिन्यांतले."

"आत्ता? कशाला हवेत?"

"पाठव तर. मागनं सांगतो."

माझ्या फोनवर एकामागून एक फोटो येऊ लागले. मी काउंटरवर फोन ठेवला आणि बाईला दाखवत एकेक पुढे सरकवू लागलो. निळा ड्रेस. पिवळा ड्रेस. कॉलेजच्या कार्यक्रमाला नेसलेली आईची साडी. सगळ्यांत फोन होता, फोनची पाठ होती.

"फुटल्याली दिसंना की कुठं," बाई म्हणाली.

मी फोटो मोठा केला. वरच्या कोपऱ्यावर मुलीची दोन बोटं होती. पुढचा उघडला. तिथंही दोन बोटं, नेमकी तिथंच. त्याच्या पुढच्यात दुसऱ्या हातात पिशवी, मान वाकडी, फोन तिरका, आणि बोटं कोपऱ्यावर. मी भराभरा मागे गेलो. ती संध्याकाळ ज्या आठवड्यात होती, त्याच्या आधीच्या फोटोंत ती फोन खालून धरायची, पाठ सगळी मोकळी. त्या संध्याकाळनंतर एकही सकाळ अशी नव्हती की बोटं कोपऱ्यावर नाहीत.

माल तपासणाऱ्या माणसाला एवढं पुरतं. तारीख कळली, जागा कळली, कारण कळलं. शनिवार-रविवारी आई घरी असताना तिचा फोन कायम पाठीवरच, कधीही पालथा नाही, असा का ठेवलेला असायचा, तेही कळलं. आईला दिसू नये म्हणून. आईनं विचारू नये म्हणून. माझं नाव येऊ नये म्हणून ही पोरगी चार महिने रोज सकाळी आठवणीनं दोन बोटं तिथं ठेवत होती, आणि मी तिला पुरावा दे म्हणून काउंटरवर आणून उभं केलं होतं.

बाईही हुशार होती. तिनं आधीचा एक आणि नंतरचा एक फोटो पुन्हा बघितला. "म्हंजे इथनं पुढं झाकलंय. तवा फुटलं असणार, आनि फोन चालूबी हाय. चालंल हे. पण झाकलंस कशाला गं?"

"सवय आहे," मुलगी म्हणाली.

"आधी कुठं हुती सवय?" बाईनं अर्ज पुढे ओढला. "हे बघा, हितं कारण लिहावं लागतंय. जिन्यात पडला तर दोन-तीन जागी घासतोय. ह्यो एकाच कोपऱ्यावर जोरात बसलाय. लिवलेलं जुळलं न्हाय तर वरनं परत येतंय, मग माझ्या हातात काय न्हाय."

मुलीनं पेन उचललं. ती जिनाच लिहिणार होती. मला दिसत होतं, आता मी बोललो तर वॉरंटी जाईल, मुद्दाम फेकलेल्या फोनला कोण दाद देतो? आणि नाही बोललो तर कदाचित मिळेल. तेवढ्यात माझा फोन वाजला. बायको होती.

"मिळाले का फोटो? काय झालंय ते सांगा तरी. मला धड शिकवायला सुचेना."

दुकानात सगळे ऐकत होते. शिरोळचे गृहस्थही.

"मी तिचा फोन भिंतीवर मारला होता," मी म्हणालो. "चार महिने झाले. जेवायला लवकर आली नाही म्हणून. कोपरा फुटला. तुला कळू नये म्हणून ती फोटोत तिथं बोटं ठेवते. तिच्या हातनं काही पडलेलं नाही."

पलीकडून पोरांचा गलका ऐकू येत राहिला. मग बायको म्हणाली, "तिच्याकडं द्या फोन."

मुलगी फोन घेऊन दुकानाच्या पायरीवर गेली. तिथं मात्र ती रडली. काचेतून मला तिची पाठ हलताना दिसत होती. शिरोळचे गृहस्थ आपल्या पिशवीकडे बघत बसले. बाईनं पेन माझ्या बाजूला वळवलं, आणि मी कारणाच्या रकान्यात लिहिलं : वडिलांनी रागाच्या भरात फेकला. खाली माझी सही केली. आयुष्यभर त्या रकान्यात मी दुसऱ्यांचंच नाव लिहीत आलो होतो.

"पाठवते," बाई म्हणाली. "काय म्हणत्यात बघू."

त्या शनिवारी बायको आली. रविवारी दुपारपर्यंत माझ्याशी बोलली नाही. मग भांडी घासता घासता म्हणाली, "रोज फोटो बघत होते मी. मला कसं दिसलं नाही?" मी भांडी विसळायला लागलो. सोमवारी कामावर ठोकर लागलेला एक परत आलेला माल शेरा मारायच्या आधी कापून बघायला लावला. साहेब म्हणाले, आज काय नवीन? मी म्हटलं, काही नाही, बघू दे जरा.

आठ-दहा दिवसांनी मुलीचा फोन दुरुस्त होऊन परत आला. आतला भाग वॉरंटीत बदलून मिळाला. काच मात्र तशीच, ती वॉरंटीत बसत नव्हती आणि ते बरोबरच होतं. मी म्हटलं, काच आपण बदलून घेऊ. मुलगी म्हणाली, राहू दे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं आरशासमोरचा फोटो आईला पाठवला, आणि पहिल्यांदाच मलाही पाठवला. मी फौंड्रीच्या गेटवर थांबून उघडला. हिरवा ड्रेस होता, ती थोडी हसत होती. मी फोटो मोठा केला. आता आईला ठाऊक होतं, दुकानाला ठाऊक होतं, झाकण्यासारखं काही उरलं नव्हतं. तरी बोटं कोपऱ्यावरच होती.

त्या संध्याकाळी मी ताटं वाढली. जेवायला ये म्हणून एकदाच हाक मारली, तिच्या ताटावर दुसरं ताट झाकलं आणि ती येईपर्यंत बसून राहिलो.