पुलावर बसून राहिलेला माणूस

सुनीताचा फोन आला तेव्हा मी धाराशिवच्या कार्यालयात कालव्याला पाणी सोडायच्या उन्हाळी आवर्तनाचे कागद बघत होते. "मॅडम, दादा गेले… सकाळी चहा पिता पिता गेले." एवढंच बोलली ती. सुनीता म्हणजे दगडूमामांची मुलगी, आणि दगडूमामा म्हणजे बांधकाम खात्याच्या रस्त्यावरचे मुकादम. खातं त्यांचं वेगळं, माझं वेगळं. मी पाटबंधाऱ्याची. तरीही माझ्या नोकरीतलं जे काही मिरवण्यासारखं आहे, त्यात मामांचा वाटा मोठा आहे.

लोहारा तालुक्यात नवीनच रुजू झाले होते तेव्हाची गोष्ट. वर आमचं धरण, खाली नदीवर बांधकाम खात्याचा जुना दगडी पूल, आणि पुलापासून गावात जाणारा रस्ता जिल्हा परिषदेचा. पहिल्याच पावसाळ्यात वाहून आलेली झाडं पुलाच्या गाळ्यांत अडकली, पाणी तुंबलं आणि खालच्या गल्लीत शिरलं. मी पाहणीला गेले. नदीत कमरेइतक्या पाण्यात उभा राहून एक माणूस कुऱ्हाडीनं बाभळ तोडत होता. मी म्हटलं, पूल काही आमच्या हद्दीत येत नाही. त्यानं कुऱ्हाड खांद्यावर घेतली. "मॅडम, बाभळ तुमच्या हद्दीतनं आली, अडकली आमच्या पुलात आन् पाणी शिरलं गावात. आता हिचं खातं कोणतं लिवायचं, सांगा."

मला राग आला होता, हे कबूल करते.

तो माणूस, म्हणजे दगडूमामा, पुढच्या मे महिन्यात आमच्या कार्यालयात आले. बैठकीचं बोलावणं नव्हतंच, जेवणाचं होतं. "पुलाखाली सावली लई चांगली आहे. येसराची आमटी आन् भाकरी. या." तिन्ही कार्यालयांत ते असेच फिरले होते. बैठक टाळणारे साहेब जेवणाला नाही कसे म्हणणार? पुलाखाली आम्ही सगळे पहिल्यांदा एकमेकांना नावानं ओळखू लागलो. जेवता जेवता ठरलं : दर मे महिन्यात जेसीबी जिल्हा परिषदेनं आणायचा, झाडं काढायला मामांची माणसं, आणि धरणाचे दरवाजे उचलण्याआधी मी वर कळवायचं तसं खाली मामांनाही कळवायचं. एका साहेबांनी विचारलं, "मुकादम, हे तुम्हाला कुणी सांगितलं करायला?" मामा म्हणाले, "भूकंपात आमचं घर पडलं तवा माती उपसायला आलेल्यांनी खातं इचारलं न्हवतं, साहेब."

त्या ठरावाची परीक्षा काही वर्षांनी सप्टेंबरात झाली. दुपारी धरण भरत आलं, दरवाजे उचलावे लागले. मी मामांना फोन केला : पाऊण तासात पाणी पुलावर येईल. त्यांनी पुलाच्या तोंडाशी रस्त्यावर बैलगाडी आडवी लावली आणि स्वतः गाडीपुढं डांबरावर बसले. पूल कोरडा होता. वर ऊन पडलं होतं. एस.टी. थांबली, पिकअप थांबले, आणि एक पुढाऱ्याची जीप. जीपमधला माणूस खाली उतरून ओरडला, "कोरडा पूल दिसंना का तुला? कुणाच्या हुकमानं अडवलंस?"

पाऊण तास गेला. पाणी आलं नाही. तासही गेला… मामांचा फोन आला तेव्हा मागचा गोंधळ मला ऐकू येत होता. "मामा, माझा अंदाज चुकला असेल…"

"अंदाज चुकंल मॅडम, पाणी चुकायचं न्हाय. तुमी दरवाजे उचललेत ना? मग बसतो म्या."

आणखी वीस मिनिटांनी पाणी आलं. पुलावरून गेलंच, पण पलीकडचा रस्त्याचा भराव बघता बघता कापून घेऊन गेलं. जिथून एस.टी. जायची होती तिथं खड्डा नव्हे, नदी होती. गाळे मोकळे होते म्हणून पूल मात्र टिकला, खालच्या गल्लीतही पाणी शिरलं नाही. जीपवाल्यानं हात देऊन मामांना उठवलं आणि स्वतःच मागच्या गाड्या वळवायला लागला. संध्याकाळी मी पोचले तर मामा म्हणाले, "चला, भरावाचं बघू. उद्या तिघांनाबी बोलवा." पंधरा दिवसांत तिन्ही खात्यांनी मिळून तो रस्ता सुरू केला.

मामा निवृत्त झाले, माझी बदली झाली. ते गेल्यावर या मेमध्ये मी न राहवून पुलाकडे गेले. वाटलं होतं, कुणी नसेल. पण खाली तीन खात्यांच्या तीन गाड्या उभ्या होत्या. जेसीबी चालू होता. बांधकाम खात्याची एक नवी, तरुण अभियंता वाकून गाळ्यातून चालत होती आणि प्रत्येक खांबाच्या दगडावर तळहात फिरवत होती. मामा तसंच करायचे. चीर डोळ्याला दिसायच्या आधी हाताला लागते, म्हणायचे.

"हे तुला कुणी शिकवलं?" मी विचारलं.

ती गोंधळली. "कुणी नाही, मॅडम. या पुलावर असंच करतात."

मग मी तिला नाव सांगितलं. पूर्ण नाव. दगडू सखाराम गायकवाड, मुकादम.