दारातली घरगाडी

त्या वर्षांत आमच्या जिल्ह्यात बाहेरची माणसं फार येत. हातात वही, गळ्यात कॅमेरा, पाण्याची बाटली. गावात शिरलं की पहिला प्रश्न एकच: कर्जापायी जीव देऊन कुणाच्या घरचं कोण गेलं? आमच्या घरचं कुणी गेलं नव्हतं. त्यामुळे ती माणसं आमच्या दारात कधी थांबली नाहीत. थांबली असती तरी त्यांच्या कामाचं काही निघालं नसतं. आमच्या दारात नुसती एक गाडी उभी होती आणि ती हलत नव्हती. त्या गाडीचा राग मला अजून येतो.

गाडी म्हणजे जुनी मेटाडोर. बाबा तिच्यातून दिग्रस ते दारव्हा सवाऱ्या नेत, आणि बोरी अरबच्या बाजाराच्या दिवशी सवाऱ्यांसोबत कोंबड्या आणि वांग्यांची पोतीही. घरची कोरडवाहू जमीन होती, तिच्यात कापूस आणि तूर. शेत आणि गाडी मिळून आमचं बरं चाले. घरात आम्ही चौघं: बाबा, आई, ताई आणि मी. गाडी घरची असली तरी आम्ही तिच्यात बसायचं ते जागा उरली तर. सवारी आली की बाबा आम्हाला उठवत. एकदा एका लग्नाला जाताना आई अख्खा रस्ता दांडीला धरून उभी होती आणि तिच्या जागेवर बसलेल्या बाईने तिला विचारलं, "तुमी कोनाच्या वो?" आई ती गोष्ट हसत सांगायची. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

एका पावसाळ्यात ताईचं लग्न ठरलं. उमरखेडकडचं स्थळ, लग्न पुढच्या उन्हाळ्यात. साक्षगंधाचे पाहुणे गेले त्या संध्याकाळी आई भांडी आवरता आवरता म्हणाली, "आता हे पोरगी बी जाईन. आपन चौघं मिळून कुठी गेलोच नाई कधी." बोलून ती पुन्हा भांड्यांना लागली, पण ताईने ते सोडलं नाही. ताई कधी काही मागायची नाही. फ्रॉकपासून मोबाइलपर्यंत मागायचं काम माझ्याकडे होतं. ती म्हणाली, "बाबा, लग्नाच्या आधी एकदा चिखलदऱ्याले जाऊ. आपन चौघंच."

चिखलदरा म्हणजे काही काश्मीर नव्हे. साऱ्या विदर्भाच्या वाट्याला थंड हवेचं ठिकाण आलं ते तेवढं एकच, आणि सकाळी निघालं तर दिवस मावळायच्या आत पोचता येतं. शाळेची सहल तिथे गेली तेव्हा ताईला तुरीच्या सोंगणीसाठी घरी ठेवलं होतं. मैत्रिणींनी येऊन सांगितलेलं धुकं तिला तोंडपाठ होतं.

बाबा म्हणाले, "जाऊ. पन लोकायसारखं नाई जाचं."

हे त्यांचं जुनं खूळ. पांढरकवड्याजवळच्या एका धाब्यावर त्यांनी कधीतरी एका गोऱ्या जोडप्याची गाडी पाहिली होती. आत पलंग, स्टोव्ह, खिडक्यांना पडदे, आणि बाई आरामात बसून कांदा चिरत होती. ही कांदा चिरणारी बाई बाबांच्या डोक्यातून कधी उतरली नाही. गाडीत चूल म्हणजे माणूस कुणाचा मिंधा नाही, असं ते म्हणत. आता त्यांना निमित्त मिळालं.

दिग्रसला गाड्यांच्या बॉड्या बांधणारे एक चाचा होते, बाबांचे लहानपणचे दोस्त. पोळा झाला तशी गाडी त्यांच्याकडे गेली. शनिवारी माझी शाळा सुटली की मी आणि ताई तिकडे जाऊन बसायचो. चाचांनी सगळ्या सीटा उपटल्या. दोन्ही बाजूंना लोखंडी अँगल मारून त्यावर प्लायवूडचे पलंग बसवले, खाली दोघं आणि वर दोघं झोपतील असे. मधे बिजागरीवर उघडणारी फळी, जेवायला. मागच्या दाराशी स्टोव्हसाठी पत्र्याची चौकट, टपावर पाण्याची टाकी आणि तिला बाहेरून नळ. आईने तिच्या जुन्या पातळांचे पडदे शिवले. गाद्या आमच्याच शेतातल्या कापसाच्या, आदल्या सालच्या. ताईने वरचा डाव्या खिडकीजवळचा पलंग आधीच आपला म्हणून ठेवला होता. मी भांडले, पण ती म्हणाली, "तुले आयुष्य पडलं आहे वर झोपाले." मग मी उजवा घेतला.

गाडी तयार झाली तेव्हा चाचा कमरेवर हात ठेवून म्हणाले, "भाऊ, ये गाडी नहीं रही, बंगला हो गया." बाबांनी गावातून दोनदा फिरवून आणली. पोरं मागे धावली. बायका आत डोकावून आईला म्हणाल्या, तुनं नशीब काढलं. मी त्या दिवशी इतकी खुश होते की बाबांच्या गळ्यात पडले होते. हे मुद्दाम लिहिते आहे, नाहीतर वाटेल मी जन्मापासून कडूच.

दिवाळीच्या सुट्टीत निघायचं ठरलं. दिवाळीच्या तोंडावर पहिली वेचणी आली. बाबा म्हणाले, एवढा कापूस विकू आणि निघू. पण भाव पडलेला होता. दिग्रसच्या व्यापाऱ्यांनी सांगितलेला दर ऐकून बाबा कापूस जसा नेला तसा परत घेऊन आले. "फुकटात देऊ का? भरून ठेवू. भाव वाढन." त्या साली सगळं गाव हेच म्हणत होतं. ज्याच्या त्याच्या घरात कापूस भरलेला होता. गोदाम कुणाकडे असणार? घर हेच गोदाम.

आधी आतली खोली भरली, छतापर्यंत. दुसरी वेचणी आली तशी मधली भरली. मग समोरची. घरात भरलेल्या कापसाबरोबर राहून पाहा एकदा. अंगाला खाज सुटते, पुरळ उठतं, नाकातोंडात तंतू जातात. आई रात्रभर खोकायची. आणि सगळ्यात मोठं भय ठिणगीचं. चूल घराबाहेर आली, स्टोव्ह बाहेर आला. देवापुढे दिवा लावायचा नाही, उदबत्ती तर नाहीच. शेवटी आई एके दिवशी देव्हाराच उचलून बाहेर आली आणि म्हणाली, "यायले अंधारात ठेवू का मी?"

बाबा गाडीकडे बघून म्हणाले, "थे आहेच की."

अशी आम्ही घरगाडीत राहायला गेलो, आमच्याच अंगणात, आमच्याच दारापासून दहा पावलांवर. चहाच्या डब्यांसाठी चाचांनी केलेल्या फळीवर देव बसले. वरच्या पलंगावर मी आणि ताई, खाली आई आणि बाबा. चारी चाकांखाली दगड लावून गाडीचं बूड टेकवलं, कारण कुणी कूस बदलली की सगळं घर हलायचं. सीटा उपटल्या तेव्हापासून सवाऱ्यांचा धंदा बंदच होता, आता गाडीही अडकली. बाबा म्हणत, काही दिवसांचा प्रश्न आहे. सकाळी मी पडदा सरकवला की समोर आमचंच घर दिसायचं, कडी घातलेलं, खिडकीच्या गजांतून कापूस बाहेर आलेला. गोऱ्या बाईला तिच्या खिडकीतून डोंगर दिसत असतील.

ताई मात्र चिखलदऱ्याचं नाव सोडत नव्हती. मोठ्याने कधी म्हणाली नाही, पण नाताळ आला, बाबांकडे बघितलं. संक्रांत आली, बघितलं. बाबांचं उत्तर ठरलेलं: "आपन तिकडं गेलो अन् इकडं भाव वाढला मंग? एक दिवस चुकला का साल गेलं." ते रोज दिग्रसला जाऊन भाव विचारून येत. मी एकदा म्हटलं, मग कापसालाच घेऊन जा चिखलदऱ्याला, त्यालाही हवा लागेल. आईने मला थोबाडीत मारली. आई मारायची नाही, म्हणजे तिलाही तेच म्हणायचं होतं असं माझं आजही मत आहे.

संक्रांत होऊन गेल्यावर आईनेच मनावर घेतलं. शेजारच्या काकांना कापसावर लक्ष ठेवायला, ओसरीत झोपायला तयार केलं. बाबांना म्हणाली, "दोन दिवस. मंग पोरगी सासरी गेल्यावर भाव मोजत बसजा जलमभर." आईचा असा आवाज आम्ही कधी ऐकला नव्हता. बाबा हो म्हणाले. चाकांखालचे दगड काढले. आईने पुऱ्या तळल्या, लसणाची चटणी बांधली, तिळाचे लाडू घेतले. ताईने आम्हा चौघांचे स्वेटर घडी करून तिच्या पलंगावर रचले. पहाटे गाडी निघाली तेव्हा ती वरच्या खिडकीला नाक लावून पालथी पडली होती. देव फळीवर हलत होते आणि आई त्यांना हाताने धरून बसली होती. चौघंच. कुणी सवारी नाही. मला उठवणारं कुणी नव्हतं आणि मी जेवायच्या फळीवर पाय पसरून बसले होते.

फाट्यावर पोचलो. तिथे बाबांच्या ओळखीचा, कापसाची सरकी काढणाऱ्या एका जिनिंगमध्ये काम करणारा माणूस मोटरसायकलवर आला. त्याने हात केला, बाबांनी गाडी थांबवली. तो म्हणाला, "कुठी चालले भाऊ? आमच्या शेठजीले वरून फोन आला. उद्या-परवा भाव उचलनार म्हनते."

इंजिन चालू होतं. मागून आई म्हणाली, "चला ना." बाबांनी गिअर टाकला आणि गाडी वळवली. मला वाटलं, दारव्ह्याऐवजी दुसऱ्या रस्त्याने चाललो. मग आमच्या गावाचा पार दिसला.

ताई वरून खाली उतरली. रडली नाही. गाडी अंगणात पुन्हा जागेवर लागल्यावर तिने डबा उघडला, बिजागरीची फळी पाडली आणि सगळ्यांना पुऱ्या वाढल्या. म्हणाली, "खाऊन घ्या, नाईतर चिवट होतीन." आम्ही सहलीचं जेवण आमच्याच अंगणात जेवलो. बाबा दोन घास खाऊन दिग्रसला गेले.

भाव खरंच उचलला. हे सांगितलं नाही तर बाबांवर अन्याय होईल. दोन दिवस वर होता. गावातल्या काही शहाण्यांनी विकून टाकला. बाबांनी नाही विकला. एवढा वाढला म्हणजे अजून वाढेल, असा त्यांचा हिशोब. मग तो पडला आणि पडतच गेला. होळी झाली. लग्न तोंडावर आलं. चैत्रात एक व्यापारी दारात आला, गजांतून हात घालून कापूस ओढला, चोळून पाहिला, आणि म्हणाला पिवळा पडला आहे, वजनही राहिलं नाही. बाबांनी त्याच्याशी घासाघीससुद्धा केली नाही. ते मला सगळ्यात जास्त बोचलं. आमची दिवाळी, आमची संक्रांत, ताईचं शेवटचं वर्ष, सगळं ज्याच्यासाठी दडपून ठेवलं, ते त्यांनी एका दुपारी मान खाली घालून देऊन टाकलं.

आम्ही परत घरात राहायला गेलो. भिंती चुन्याने रंगवल्या, पण खाज गेली नाही. लग्नाच्या आठवड्यात चाचा पाने-पकड घेऊन आले आणि पलंग उतरवू लागले. ताईच्या आंदणाचं लोखंडी कपाट, दिवाण, भांडी, कूलर न्यायला गाडी लागणार होती. भाड्याची गाडी कशाला, घरची असताना? चाचांचं तोंड उतरलेलं होतं. ते ताईला म्हणाले, "बेटा, बाद में फिर लगा देंगे." ताई म्हणाली, "हो चाचा." मी ते पलंग मागे गोठ्यात नेऊन टाकले. त्यावर पुढे सरपण ठेवू लागले.

पाठवणीच्या वेळी वरपक्षाने आणलेल्या जीपमध्ये त्यांचीच मोठी माणसं दाटीवाटीने बसली. थोडी कुजबुज झाली आणि मग नवरानवरीला आमच्या गाडीत बसवायचं ठरलं. चाचा चालवणार होते, नवरदेव पुढे त्यांच्या शेजारी बसला. पाठराखीण म्हणून आत्या चढली. मागे कपाट दोरीने बांधलेलं, आणि कपाटाच्या आणि पत्र्याच्या मधल्या जागेत एका गादीवर ताई बसली, शालू सावरून, वरती जिथे तिचा पलंग होता तिथे अँगलची भोकं राहिली होती. आई दाराशी रडत होती. मी रडत नव्हते, मला कुणाला तरी मारावंसं वाटत होतं.

बाबा खिडकीशी गेले. पडदा अजून आईच्याच पातळाचा होता, तो त्यांनी बाजूला केला. म्हणाले, "दिवाळीले येशीन नं. तवा जाऊ पोरी. चिखलदऱ्याले. चौघंही."

ताई आजवर त्यांना "हो बाबा"च म्हणत आली होती. या खेपेलाही आवाज तितकाच हळू होता.

"तवा मी पाव्हनी राहीन, बाबा."

बाबांनी पडदा सोडला. चाचांनी गाडी सुरू केली.

दिवाळीला ती आली, जावईबापूंसोबत, दोन दिवसांसाठी. घरात पहिल्या वेचणीचा कापूस पुन्हा येऊन पडायला लागला होता. जेवण झाल्यावर ताईने आईला विचारलं, मी ताट उचलू का? तिच्याच घरात, तिने विचारलं. आईने तिच्यासाठी पेटीतून नवी चादर काढून अंथरली. आमच्याकडे नवी चादर कुणासाठी काढतात, ते आम्हाला सगळ्यांनाच माहीत होतं.