मामांचे 'लाइकली'

भविष्याविषयी खोटे न बोलणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि ते नेमके माझे थोरले मामा निघाले. केजच्या शाळेत त्यांनी जन्मभर इंग्रजी शिकवले. निवृत्तीच्या दिवशी बाकीचे सारे व्याकरण ते बहुधा शाळेतच ठेवून आले. पुढे घडणाऱ्या गोष्टींची शक्यता सांगणारी विशेषणे तेवढी त्यांनी घरी आणली. मराठीत माणूस 'येतो' म्हणतो आणि येत नाही, यावर त्यांचा जुना राग. म्हणून उद्याची कोणतीही गोष्ट ते विशेषण लावल्याशिवाय उच्चारत नसत. माजलगावची एसटी येईल का, असे कोणी विचारले, तर आधी रस्त्याकडे, मग घड्याळाकडे पाहून ते 'लाइकली' म्हणत. जीपवाला "आता निघतोच" म्हणाला, की त्याला तोंडावर 'अनलाइकली' ऐकवत. अर्थ ठाऊक नसूनही तो दर वेळी दुखावला जाई. रात्री जेवायला घरी आहात का, या प्रश्नालाही असेच उत्तर मिळे. तेव्हा 'लाइकली'ला दोन भाकरी आणि 'पॉसिबल'ला एक, अशी मापे मामींनी ठरवून टाकली होती. 'सर्टन' हा शब्द मात्र, पाहुण्यांसाठी ठेवलेल्या चांदीच्या भांड्यासारखा, कधी बाहेर निघाल्याचे मला आठवत नाही.

ही सवय साऱ्यांना गमतीची वाटे; माझे लग्न जमवायची वेळ आली तेव्हा ती महाग पडू लागली. वडील लवकर गेल्यामुळे मुलगी पाहायला वडीलधारे म्हणून मामाच येत. मी कनिष्ठ महाविद्यालयात कंत्राटी ग्रंथपाल. तिशी केव्हाच उलटलेली. हल्ली आमच्याकडे मुलीचा बाप रंगरूप विचारीत नाही. नोकरी पर्मनंट होईल का, एवढेच विचारतो. मामा त्यावर डोळे मिटून विचार करीत आणि 'पॉसिबल' म्हणत. वर त्याचा अर्थही समजावून सांगत. चहा संपण्याआधी स्थळ संपे. एकदा परतताना आईचा धीर सुटला. "दादा, एक डाव नुसतं 'व्हईल' म्हणला असता, तर जीभ झडली असती का?"

"जीभ न्हाई झडत, बाई. पण लेकीचा बाप फसला असता."

उमापूरला मुलगी पाहायला जाताना मामांना न्यायचेच नाही, असे आईने ठरवले होते. आम्ही जीपपाशी पोहोचलो, तेव्हा ते इस्त्रीचे धोतर नेसून पुढच्या सीटवर बसलेले होते.

तिथेही प्रश्न तोच आला. "पॉसिबल हाय," मामा म्हणाले, "लाइकली म्हणता येत न्हाई." आईने पोह्यांच्या बशीत मान घातली. मी नजरेनेच दाराबाहेरच्या माझ्या चपला शोधू लागलो. मुलीचे वडील उठण्याच्या बेतात असताना मुलीनेच शांतपणे विचारले, "आन् सर, यांचा स्वभाव?"

मामांनी चष्मा काढला, उपरण्याने पुसला आणि माझ्याकडे बराच वेळ पाहिले. कोणत्याही परीक्षेच्या निकालाला मी इतका घाबरलो नव्हतो.

"पोरी," ते म्हणाले, "ह्यो तुला दुखवंल, हे अनलाइकली हाय. आन् थापा मारंल, हे तर इम्पॉसिबल. त्याला बोलायचीच लाज वाटती."

ती हसली. होकार दुसऱ्या दिवशी आला. आधीच्या सर्व स्थळांनी शंभर टक्क्यांची हमी दिली होती, असे तिने मला लग्नानंतर सांगितले. शंका ठेवून बोलणारे आम्ही पहिलेच.

माझी नोकरी अजून 'पॉसिबल'च आहे. पण गेल्या महिन्यात आमच्या मुलीचे बारसे झाले. मामा आता थकले आहेत. हात कापतात, म्हणून बाळ घ्यायला कचरत होते. पत्नीने ते त्यांच्या मांडीवर ठेवले आणि सहज विचारले, "मामा, हिच्या लग्नाला तुम्ही असाल ना?"

मामांनी नेहमीसारखे डोळे मिटले. एकदा तरी त्यांनी नुसतेच 'असंन' म्हणावे, असे मला फार वाटले.

"अनलाइकली," ते हळूच म्हणाले. तेवढ्यात बाळाने त्यांचे कापरे बोट मुठीत धरले आणि ते कापायचे थांबले. मामा त्या मुठीकडे पाहत राहिले.

"पण इम्पॉसिबल न्हाई," ते म्हणाले, आणि बोट त्यांनी काही सोडवून घेतले नाही.