आत्याच्या गाडीतला न आलेला आवाज

मंडळी, आज बिडकीनला आत्याकडं गेलो, तर तिनं जुन्या गाडीचं कार्पेट उचकटून ठेवलेलं. गाडीच्या टेपला वेगळा अ‍ॅम्प्लिफायर तिनं स्वतःच जोडला होता, पण रेस दिली की स्पीकरमधून कुईंऽऽ आवाज यायचा.

मी म्हणलं, "गाणं मोठ्यानं लाव, कुणाला कळतंय?"

"मला कळतंय ना!"

बॅटरीची वायर टेपकडून अ‍ॅम्प्लिफायरकडं जाणाऱ्या वायरीला खेटून गेली होती, म्हणून ती कुईंऽऽ. तिनं सगळं उसवलं. एक वायर डावीकडून नेली, दुसरी उजवीकडून. मग गाडी चालू केली, गाणं न लावता आवाज फुल केला आणि जोरात रेस दिली.

काहीच ऐकू आलं नाय.

शेजारच्या काकू फाटकातून म्हणाल्या, "बिघडलं व्हय?"

"जमलं!" आत्या लई खुशीत ओरडली.

मी टाळ्या वाजवल्या. गाणं अजून लागलंच नव्हतं. काहीच न ऐकता अशी दाद तुम्ही कधी दिलीय का?