जाळीखालचं पाणी

२०१६ साल. मी सत्तावन्न वर्षांचा. दक्षिण ध्रुवाकडच्या समुद्रातून आमचं जहाज परतीला लागलं होतं, मागे समुद्र पुन्हा बर्फानं झाकत होता, आणि मी सहा कॅन पाणी डेकवरून समुद्रात ओतत होतो.

शाळा माझी चौथीपर्यंत. पण भरवेलीच्या मॅंगनीज खाणीत तीस वर्षं विंच चालवली, म्हणून ठेकेदारानं जहाजावर नेलं. विंच म्हणजे तारेवर वजन खालीवर करायचं मशीन. खाणीत माल चढवायचो, इथं पाणी भरायच्या बाटल्या. पुण्याच्या संशोधक केतकी मॅडम जितक्या खोलीचं पाणी मागत, तितक्याच खोलीचं देत होतो. मीटरभर चुकलो नाही.

ते पाणी मॅडम एका कागदातून गाळायच्या. जाळीच ती, पण डोळ्याला भोक दिसणार नाही इतकी बारीक. दोन दिवस झोपल्या नव्हत्या. शेवटी कागद माझ्या हाती दिले. "काका, जपून. फ्रीझरमध्ये ठेवा." अन् झोपायला गेल्या.

तेवढ्यात मोहिमेच्या मोठ्या साहेबांनी कोल्डरूम रिकामी करायला सांगितली. तिथं गाळलेल्या पाण्याचे कॅन. वर इंग्रजीत काही लिहिलेलं. खाणीत मॅंगनीज धुताना जाळीवर राहतो तो माल, खालचं पाणी नाल्यात. हे मला कोणी शिकवायचं नव्हतं. पोरीच्या वयाच्या बाईला काहून विचारायचं?

उठून आल्यावर मॅडमनी विचारलं, "काका, कॅन?"

"धुऊन ठेवले. लखलखीत."

त्या तिथंच खाली बसल्या. "कागदावर जिवाणू राहतात, काका. विषाणू त्याहून बारीक. ते पाण्याबरोबर पार होतात. मला तेच हवे होते."

"सर्दीवाले? त्याईले जपून काय करता?"

"हे माणसाला लागत नाहीत. जिवाणूंना फोडतात. फुटलेल्याच्या आतलं पाण्यात मिसळतं, त्यावर बाकीचे जिवाणू जगतात. एवढ्या थंडीत हे किती चालतं, तेच बघायचं होतं."

"मंग पुन्हा काढू पाणी. मी उभा हावो विंचवर."

"तिथं आता बर्फ आहे."

साहेब आले. "किसने फेंका?"

मी विंचची तार पुसत राहिलो. आमच्या घरात चूक कबूल करायची रीत नव्हती.

"सर, झाकणं मीच नीट लावली नव्हती," मॅडम म्हणाल्या. "सांडलं."

"तीन साल की मेहनत. अब अगली बार आपका नाम किस मुँह से भेजूँ?"

मॅडम रिकामे कॅन गोळा करून आत घेऊन गेल्या.

ते पाणी काही परत आलं नाही. जन्मभर जाळीवरचाच माल पाहिलेल्या माणसानं जाळीखालचं फेकायच्या आधी विचारावं, एवढंच मी शिकलो. तेही दुसऱ्याच्या नुकसानीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांच्या केबिनपुढं जाऊन उभा राहिलो.

"झाकणं बरोबर होती, साहेब," मी म्हटलं. "कॅन म्या उपडे केले. माह्यं नाव लिहा."