लसीची गढूळ बाटली

माझे शिक्षण चौथीपर्यंतचे. अक्षर किरटे आहे, ऱ्हस्वदीर्घाची खात्री नाही, त्याबद्दल आधीच माफी मागते. आमचे हे लोणावळ्याला फौजदार होते, आता पेन्शनीत आहेत. त्यांच्या तपासांपैकी एकच मी समोर बसून पाहिला आणि तो अजून मनातून जात नाही.

लढाईचे दिवस होते. गावाबाहेर विषमज्वराची लस करणारा लहानसा कारखाना होता. चौकीवर निनावी चिठ्ठी आली की, तिथला कंपाउंडर लसीत पाणी घालतो आणि उरलेली लस बाहेर विकतो. त्याच आठवड्यात लस टोचलेल्या काही जणांचे दंड पिकले, एका बाईचा ताप उतरेना. ह्यांनी पंचनामा केला, गढूळ झालेल्या बाटल्या सील केल्या आणि कंपाउंडरला कोठडीत घातले.

कारखान्याच्या डॉक्टरांनी काचेच्या बशांत चायना ग्रासची जेली थापली. एकीवर गढूळ लसीचा थेंब टाकला, दुसरीवर विहिरीच्या पाण्याचा, आणि बशा उबेला ठेवल्या. दोन दिवसांनी दोन्हींवर सारखेच हिरवट ठिपके. जंतू डोळ्यांना दिसत नाहीत, पण खायला मिळाले की एकाचे लाखो होतात, तेव्हा ठिपका दिसतो, असे डॉक्टरांनी सांगितले. हे ऐकल्यापासून मी घरातल्या प्रत्येक भांड्याकडे टक लावून बघत असे.

म्हणजे लसीत विहिरीचे पाणी गेले होते हे नक्की. ह्यांनी कंपाउंडरला उलटसुलट विचारले. तो एकच सांगे, "साहेब, मी पाण्याला हात लावला नाही." बाईचे बरेवाईट झाले असते तर त्याची सुटका नव्हती.

बाटल्या धुणाऱ्या बायकांचे जबाब राहिले होते. पुरुषांपुढे त्या तोंड उघडेनात, म्हणून ह्यांनी मला नेऊन बसवले. परक्या माणसांत मला घाम फुटतो. मी खाली मान घालून बसले. सगळ्या एकच सांगत होत्या: सोड्याने धुतो, भट्टीत भाजायला देतो, भाजून आल्या की भरायच्या खोलीत ठेवतो. हवालदार लिहून कंटाळला.

त्यांच्यात लोहगडवाडीची एक मावशी होती. महिन्यापूर्वीच कामाला लागलेली, पण वयाने थोरली म्हणून बाकीच्या तिचे ऐकत. तिला तहान लागली. मी तांब्या आणि घासलेला पेला पुढे केला. तिने पेल्यात घोटभर पाणी घेतले, फिरवले, दाराबाहेर फेकले आणि मग भरून प्यायली. मीही घरी तसेच करते. तरी मी हळूच विचारले,

"मावशी, भट्टीतून आलेली बाटलीपण विसळता का हो?"

शेजारणीने तिला कोपराने ढोसले. मावशी तिच्यावरच डाफरली.

"मग? इसळल्याबिगर कुनी भरतं व्हय? हिरीचं पानी लय नितळ हाय. इसळायची, पालथी घालायची."

हे म्हणाले, डॉक्टरांनी भट्टीनंतर हात लावू नका म्हणून बजावले होते ना?

"डाक्टरला भांड्यातलं काय ठावं? त्यांच्या घरी बायकू इसळती."

हवालदाराला हसू आवरेना. हे मात्र नुसत्या बोलण्यावर कोणाला सोडत नसत. भट्टीतल्या दोन बाटल्या आणवल्या, एक मावशीकडून विसळून घेतली, एक तशीच ठेवली आणि दोन्हींत डॉक्टरांकडून उकळून गार केलेले पाणी भरून घेतले. पुन्हा बशा, पुन्हा दोन दिवस. एक बशी स्वच्छ राहिली, दुसरीवर तेच हिरवट ठिपके. तोवर त्या बाईचा तापही उतरला होता.

मावशी रडायला लागली, "मला बेडी घालनार का, सायेब?"

"कुठलं कलम लावू? स्वच्छपणाला कलम नाही माझ्याकडे," हे म्हणाले.

घरी आल्यावर ह्यांनी मला सांगितले, पाणी कुठले ते बशीने बरोबर ओळखले, पण फायदा कोणाचा एवढेच मी विचारत बसलो. रोजचे काम हात कसे करतात, ते आधी बघायला हवे होते.

कंपाउंडर सुटला. पण वाया गेलेल्या लसीची किंमत मालकांनी आधीच त्याच्याकडून भरून घेतली होती आणि आता ती परत द्यायला टोलवाटोलवी चालवली. हे साध्या कपड्यांत कारखान्यात जाऊन बसले. त्याच्या हातात पूर्ण रक्कम पडेपर्यंत उठले नाहीत.