पाठमोरे मास्तर

मी आज महाविद्यालयात शिकवतो, चार माणसांत उभा राहून बोलतो, याचे श्रेय एकाच माणसाला द्यायचे तर ते गोव्यातल्या आमच्या मुळगावच्या शाळेच्या हेडमास्तरांना. आमच्या घराण्यात माझ्याआधी कोणी चौथीच्या पुढे गेले नव्हते. हे ऋण मी नाकारत नाही. पण ज्याचे ऋण आहे त्याच्यावरचा राग त्याच्या मरणानंतरही शिल्लक राहू शकतो, हेही मला त्यांच्यामुळेच कळले.

मास्तर दरवर्षी देवळाच्या उत्सवात संगीत नाटक बसवत. त्यांची तालीम पाहायला आलेला माणूस आधी चक्रावून जाई, कारण मास्तर रंगमंचाकडे पाठ करून बसत. कदेल, म्हणजे खुर्ची, उलटी फिरवून ठेवायची आणि समोर जमिनीवर असे एखादे माणूस बसवायचे, ज्याने ते नाटक कधीच पाहिलेले नाही. कधी नवीन लग्न होऊन आलेली सून, कधी खनिजाच्या ट्रकवरचा क्लीनर. मास्तर फक्त त्या माणसाच्या चेहऱ्याकडे बघत. कपाळाला आठी पडली की त्यांचा हात वर जाई आणि पेटी थांबे.

नटांना हा अपमान वाटे. राजाचे काम करणारा आमच्या बाजारातला दुकानदार एकदा तालीम सोडून खाली उतरला. म्हणाला, "मास्तर, हांव हांगा गळो फोडटां आनी तुमी त्या क्लीनराचें तोंड पळयतात!"

"तुजें तोंड म्हाका पाठ आसा," मास्तर म्हणाले. "ताचें न्हय."

माझे वडील सावंतवाडीच्या बाजूने खाणीवर कामाला आले होते. गोवा मुक्त होऊन काही वर्षे झाली होती, ट्रक वाढत होते आणि आमच्यासारखी कुटुंबे खाणीच्या कडेला खोपट्यांतून राहू लागली होती. नवीन बिऱ्हाड आल्याचे कळताच मास्तर स्वतः आईला तालमीला बोलवायला आले. आई दाराआड उभी राहून म्हणाली, "मास्तरांनू, माका त्यातला काय कळता?"

"तुका कळना, देखूनच तूं म्हाका जाय," मास्तर म्हणाले. तिला कळत नव्हते, म्हणूनच ती त्यांना हवी होती.

नाटक मास्तरांनीच लिहिलेले होते. दीर राज्य बळकावतो आणि राणीला हाकलून देतो. पुढच्या अंकात तीच राणी दासीच्या वेषात आपल्याच वाड्यात कामाला लागते. पडदा पडला तेव्हा राणी शालूत होती आणि उघडला तेव्हा जाड्याभरड्या लुगड्यात. आईची आठी पाहून मास्तरांनी हात वर केला. आईने विचारले, "ही नवी बाय कोण? आनी राणी खंय गेली? मेली काय?"

सगळे हसले. मास्तर हसले नाहीत. म्हणाले, "हांसूं नाकात. चूक म्हजी." मग आईला त्यांनी विचारले, तुमच्याकडे दशावतारात काय काय असते? आई म्हणाली, एक बाकडे. "एक बाकडें!" मास्तर नटांकडे वळून म्हणाले, "तरी बायकापोरांक सगळें कळटा. राजा येता आनी आपूण कोण तें पयलीं सांगता. आमी पडदे रंगयले आनी सांगपाचें विसरले."

पुढच्या तालमीला नवा प्रवेश तयार होता. राणी लोकांसमोर एकेक दागिना उतरवते, म्हाताऱ्या दासीच्या ओंजळीत ठेवते, तिचेच लुगडे नेसते आणि हे सगळे करताना गाते. मुळगावात त्या पदाला रडली नाही अशी बाई नव्हती. मास्तर मात्र प्रवेश लिहिल्याचे श्रेय आईला देत; दरवर्षी भर मांडवात तिच्याकडे बोट दाखवून सांगत, "हो प्रवेश ह्या बायेन बरयला." आई पदर तोंडावर ओढून घेई. पण त्यानंतर ती बदलली. मुकादमाने भराभर काही सांगितले, दवाखान्यात डॉक्टरने इंग्रजी शब्द टाकला, की ती न लाजता म्हणे, "माका कळूक नाय. परत सांगा." अक्षरओळख नसलेल्या बाईला हे म्हणता येणे ही केवढी मोठी गोष्ट आहे, हे मला शिकवताना रोज जाणवते. माझ्या वर्गातली पदवीची मुले हे म्हणू शकत नाहीत.

त्याच दिवसांत मास्तरांनी माझ्याकडे बघून तिला विचारले होते, "आनी हो? शाळेंत कित्याक ना?" दुसऱ्या दिवशी मी शाळेत होतो. मी निबंधात एखादा जड शब्द मिरवला की ते त्याखाली रेघ ओढून विचारत, "हें कोणाखातीर बरयलां?" म्हापशाच्या कॉलेजात माझे नाव घालायलाही बसने तेच घेऊन गेले.

मास्तर निवृत्त झाले, गुडघ्यांनी जायबंदी झाले. आमच्या तालुक्याबाहेर त्यांची पदे कोणी ऐकली नव्हती आणि ही खंत ते लपवत नसत. मग शहरातल्या एका नाट्यसंस्थेने त्यांचे तेच नाटक नव्याने करायचे ठरवले. दिग्दर्शक तरुण होता, नम्र होता, वाकून पाया पडला. म्हणाला, "पडदे, दागिने, शालू हे ओझे आहे. मी फक्त गाभा ठेवणार." मास्तर या शिकलेल्या मुलांवर खूश होते. मला म्हणाले, "शिकिल्लीं भुरगीं. करूं दे."

डिचोलीतल्या प्रयोगाला मास्तरांचा सत्कार होता. आईला मी घेऊन गेलो. रंगमंचावर काळ्या कापडाशिवाय काही नव्हते. एक कदेल होती. काळ्या कपड्यांतली तीन माणसे सगळी कामे करत होती, पदे दोन दोन ओळींची झाली होती. दागिन्यांच्या जागी राणी रिकामे हात पुढे करून बसली आणि उजेड निळा झाला. प्रेक्षकांतला एक जण म्हणाला, "लायट गेली काय रे?" माझ्या मागे एक मुलगी बापाला विचारत होती, "ही आतां कोण?" बाप तिला गप्प करत म्हणाला, "ओगी राव. सगले ओगी आसात."

रिकाम्या रंगमंचाशी माझे भांडण नाही. अशी नाटके मी पाहिली आहेत, काही आवडलीही. त्या रिकाम्या हातांत मला एकेक दागिना दिसला, कारण मला तो प्रवेश पाठ होता. मागच्या मुलीला नुसते हात दिसले. आणि आई, जिच्या एका प्रश्नातून तो प्रवेश झाला होता, ती निळ्या उजेडात माझ्या कानाशी पुटपुटली, "राणी खंय गेली?"

मास्तर पहिल्या रांगेत होते. रंगमंचाकडे तोंड करून.

सत्कारात शाल पांघरून ते म्हणाले की, आपले नाटक आपल्याला आज खरे दिसले. टाळ्या झाल्या. नंतर मी आईला घेऊन त्यांना भेटायला गेलो. दुसऱ्या अंकातली बाई राणीच आहे हे लोकांना कळले असेल का, असे मी विचारले. मास्तर माझ्याकडे न बघता हारातली पाकळी खुडत राहिले. आजूबाजूला संस्थेची माणसे होती. मग म्हणाले, "जांकां कळपाचें, तांकां कळ्ळें."

आई माझ्या शेजारी उभी होती. परतताना ती म्हणाली, "मास्तर सांगतत तां बरोबर. माझ्याच डोक्यात आता काय शिरणा नाय."

त्यानंतर ती उत्सवातल्या नाटकाला गेली नाही. नातीच्या शाळेत गॅदरिंग होते तेव्हा मला म्हणाली, "माका कळात मां? नाय तर मी घराकच बरी." दवाखान्यात डॉक्टर बोलत असताना ती मान हलवते आणि बाहेर आल्यावर मला विचारते.

मी मास्तरांना पत्र लिहिले. ते वर्षभर जगले, पण आले नाहीत. त्यांच्या सुनेने नंतर सांगितले, पत्र वाचून ते "बरें" म्हणाले आणि पुन्हा पाकिटात घातले. त्या पत्रात लिहिले होते ते असे:

"तीर्थस्वरूप मास्तरांना साष्टांग नमस्कार.

नाटक चांगले की वाईट, यावर मला तुमच्याशी वाद घालायचा नाही. नाटक तुमचे आहे. त्याचे काय करायचे तो तुमचा अधिकार. तुम्हाला मान मिळाला याचा मला आनंदच आहे.

पण आईला वाटते आहे की तिची बुद्धी गेली. मी समजावले, ती ऐकत नाही. मी मुलगा, मी तिचीच बाजू घेणार, असे ती म्हणते. तुमचा शब्द तिने आजवर खोटा मानलेला नाही, म्हणून हा शब्दही तिने खरा मानला. तुम्ही एकदा घरी या. त्या दिवशी तुम्हालाही काही कळले नव्हते, एवढेच तिला सांगा. ते खरे नसेल तरी सांगा. गुडघे दुखत असतील तर मी गाडी घेऊन येतो. दुपारनंतर ती घरीच असते."